झुगरे भाऊसाहेबांचं कार्ड

नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न विचारतो. राहायची सोय कुठे होईल, हा पहिला. दुसऱ्यासाठी तो जरा घुटमळतो. आधी शाळेच्या गळक्या छपराविषयी बोलतो, पोषण आहाराविषयी बोलतो आणि निघता निघता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात विचारतो, "मॅडम, पहिला पगार साधारण कधी होतो?"

मी केंद्रप्रमुख आहे आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे छापील आहे. एका पानावर कुठले कागद लागतात, कुठल्या क्रमाने, कुणाकडे द्यायचे, कशाची झेरॉक्स आणि कशाची मूळ प्रत, हे सगळं लिहिलेलं आहे. पान हातात दिलं की बहुतेकांचं समाधान होतं. गेल्या महिन्यात एका मुलीचं झालं नाही. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "हे कळलं. पण म्हणजे नक्की कधी? घरी सांगायचंय."

मी तोंड उघडलं आणि माझ्या ओठांवर जे उत्तर आलं ते ऐकून मीच थांबले. मी तिला सांगणार होते, नागलीने मूठ मिटली की. माझ्या खिडकीबाहेर ऊस होता. नागली, म्हणजे नाचणी, तिने शेतात कधी पाहिलीही नसेल.

हे उत्तर झुगरे भाऊसाहेबांचं.

पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होतं आणि आमच्यासारख्या नगर-नाशिककडून निवड होऊन आलेल्या पोरांना तिकडची नेमणूक मिळायची. माझं गाव सिन्नरजवळ. वय बावीस. नाशिकहून त्र्यंबकच्या घाटातून एस.टी. मोखाड्याला उतरली, तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती आणि डोक्यात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक वाक्य. दादा गावच्या दूध डेअरीत काटा सांभाळायचे. वजन आणि तारीख, दोन्ही बाबतींत पक्के. त्या वर्षी आमच्या भागात दोघा-तिघांना खोट्या नेमणुकीच्या पत्रांनी फसवलं होतं. दादा म्हणाले होते, "पगार होत असेल तर नोकरी खरी. दिवाळीपर्यंत वाट बघू. दिवाळीला पगाराविना आलीस तर परत जायचं नाही." ते रागाने बोलले नव्हते, काटा वाचल्यासारखं बोलले होते. म्हणून जास्त भीती वाटली.

तालुक्याच्या कचेरीत शिक्षण विभागाच्या खोलीत शेवटचं टेबल झुगरे भाऊसाहेबांचं. मी गेले तेव्हा टेबल रिकामं होतं. शिपाई म्हणाला, "पाय धुतायत." बाहेर नळावर एक सडपातळ, काळासावळा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल धूत होता. त्याने पाय धुतले, पंच्याने पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसले, पँटच्या घड्या एकेक करून खाली सोडल्या, चपला घातल्या आणि मग तो आत येऊन कारकून झाला. ते जवळच्या पाड्यावर राहायचे आणि रोज चालत यायचे. पुढे दहा-अकरा वर्षं मी हे पाहिलं. कितीही घाई असली तरी घड्या सोडल्याशिवाय त्यांनी कुणाचा कागद हातात घेतला नाही.

मी नेमणुकीचा आदेश पुढे केला. त्यांनी तो न बघताच विचारलं, "चालत किती?"

"काय?"

"शाळा. जीप सोडली का पुढं चालत किती?"

मला माहीत नव्हतं. मी शाळा अजून पाहिलीही नव्हती. त्यांनी आदेशावरचं नाव वाचलं. "वरचा पाडा. जीप खोडाळ्यापर्यंत. तिथून अडीच तास. मधी ओहळ." मग म्हणाले, "आधी पोस्टात जा. एक कार्ड आणा."

"कशाला?"

"पगार पाहिजे ना?"

मी पोस्टात गेले. परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवून कागदांची नावं सांगितली. अकरा होती. मी वहीत क्रमांक घालून लिहून घेतली. मग एकेक करून अकराही कागदांवर सह्या केल्या, रकाने भरले. भाऊसाहेबांनी वही उलटी करून पाहिली आणि शिपायाला हाक मारली, "जानू, बघ रे. पहिल्यांदा कोणीतरी लिहून घेतलं. नाहीतर समदे मान हलवतात आन् दहावा कागद इसरतात."

"दहावाच का?" मी विचारलं.

"भूक लागते तंवर."

मग कार्ड पुढे सरकवलं. "यावर तुमच्याच हातानं पत्ता लिहा. कार्ड तुम्हाला कुठं मिळायला पाहिजे, तो. मागची बाजू कोरी ठेवा. ती माझी."

मी पत्ता लिहिला. त्यांनी कोऱ्या बाजूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, "अडीच तास. ओहळ." आणि कार्ड खणात टाकलं. खणात तशी आणखी बरीच कार्डं होती, सुतळीने बांधलेली.

पद्धत अशी होती. दूरच्या शाळेतल्या माणसाने पगार झाला का बघायला मोखाड्याला यायचं म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि शाळा बंद. येऊन बिल मंजूर झालेलं नसलं तर टेबलावरचा माणूस म्हणणार, उद्या या. भाऊसाहेबांना या शब्दांचा मनापासून राग होता. "'उद्या या' बोलायला काय जातं? चालतं कोण?" म्हणून ते कुणाला बोलवायचेच नाहीत. बिल मंजूर झालं की खणातली कार्डं काढायची आणि प्रत्येकावर एकच अक्षर लिहायचं, "या". पण सगळी एकदम टाकायची नाहीत. कोपरा बघायचा. ज्याला सगळ्यात जास्त चालायचं आहे, ज्याच्या वाटेत ओहळ आहे, ज्याच्याकडे टपालवाला आठवड्यातून एकदाच चढतो, त्याचं कार्ड आधी. मग त्याच्याहून जवळचा, मग आणखी जवळचा. सगळ्यांनी एकाच दिवशी पोचलं पाहिजे. लांबचा आहे म्हणून शेवटी, असं व्हायला नको.

आमच्यातले एक गुरुजी कचेरीच्या अगदी समोर खोली घेऊन राहायचे. त्यांना दारातून भाऊसाहेबांचं टेबल दिसायचं. त्यांनी आवाज चढवला. "भाऊसाहेब, मला कशाला कार्ड? खिडकीतून हात केलात तरी मी येतो."

भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, कोपऱ्यात काय लिहू? अर्धा मिन्ट?"

"काहीही लिहा. पण बिल मंजूर झाल्याचं मला आधी कळायला हवं."

"कळंल. शेवटी कळंल."

त्यांनी गुरुजींना कार्ड आणायला लावलं, कोपऱ्यात खरंच "अर्धा मिनिट" लिहिलं आणि ते कार्ड पोस्टातून पाठवलं. ते कार्ड रस्ता ओलांडायला दोन दिवस घेत असे. गुरुजी पोस्टमनला शिव्या देत आणि पोस्टमन कचेरीकडे बोट दाखवी.

पण मी गोष्टीत पुढे गेले. त्या पहिल्या दिवशी निघताना मी, अकरा कागदांची वही छातीशी धरून, तोच प्रश्न विचारला होता. भाऊसाहेब, पहिला पगार कधी? घरी सांगायचंय.

त्यांनी तारीख दिली नाही. ते कुणालाच द्यायचे नाहीत. म्हणाले, "शाळंच्या बाजूला उतारावर नागली लावतील. बघत राहा. कणसं निघतात तेव्हा बोटं उघडी असतात, अशी." त्यांनी पंजा पसरून दाखवला. "बोटं उघडी हायत तंवर इचारायला येऊ नका, फुकट चाल होईल. मूठ मिटली का कार्ड येईल."

मला वाटलं, हा माणूस टोलवतोय. मी घरी पत्रात लिहिलं की अजून दोन-तीन महिने लागतील. मूठ वगैरे लिहिलं नाही.

हे टोलवणं नव्हतं, ते नंतर कळलं. जूनमध्ये रुजू झालेल्याचे कागद कुठून कुठे जातात, वैद्यकीय दाखला कधी येतो, पुरवणी बिल कुठल्या महिन्यात बसतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्याच वर्षांत ते स्वतःच्या शेतात नागलीही पाहत होते. दोन्ही एकाच सुमारास पिकतात हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, एवढंच. वर त्यात त्यांचा एक हिशेब होता. तारीख सांगितली की माणूस तारखेकडे बघत बसतो आणि ती टळली की खचतो. नागलीकडे बघणारा माणूस निदान शेजाऱ्याशी बोलतो.

तसंच झालं. वरच्या पाड्यावर मी काशीबायच्या पडवीत राहायचे. शाळेच्या बाजूचा उतार तिचाच. मी रोज शाळेला जाताना थांबून बघायची म्हणून ती हसायची. "बाई, अशी बघून ती लवकर पिकल काय?" तिची बोली मला आधी अर्धीच कळायची, तिला माझं पुस्तकी मराठी त्याहून कमी. आमची ओळख वाढली ती नागलीवरून. रोपं कधी उपटायची, कधी लावायची, कणीस कधी निघतं. शाळेत पटावर मुलं दहा-बारा, पण आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या, दिवसांत तीही शेतात. मग मीही गेले. माझ्या वहीत, अकरा कागदांच्या यादीच्या मागच्या पानावर, मी तारखा टाकून लिहून ठेवलं आहे. आज चार बोटं दिसली. आज बोटं हिरवी. आज कडेची दोन वळली.

आश्विनात एका सकाळी काशीबायनेच हाक मारली. "बाई, ये बघायला. मिटली तुझी मूठ." सगळा उतार तांबूस झाला होता आणि कणसांनी बोटं आत ओढून घेतली होती. टपालवाला बुधवारी चढायचा. मी त्या बुधवारी शाळेच्या दारात उभी राहिले. त्याने मुख्याध्यापकांच्या, म्हणजे माझ्याच, नावाचं एक परिपत्रक दिलं आणि पाणी पिऊन निघून गेला.

माझं कार्ड नव्हतं.

पुढच्या बुधवारीही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला होता. नागली कापून झाली, खळ्यावर आली. शब्द पाळणारी माणसं मी बघितली होती, पण दादांच्या शब्दापुढे कुणाचा टिकेल असं वाटत नव्हतं. एका संध्याकाळी मी वहीत नवी यादी केली. पेटीत काय न्यायचं, काशीबायला काय ठेवून जायचं, शाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची. यादी बारा ओळींची झाली. शेवटची ओळ मुलांची होती आणि तिच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं पाढे म्हणत होती. सातावरून आठावर जाताना आवाज एकाएकी थांबला. सगळी दाराकडे बघत होती. खालच्या वाटेने दोन माणसं वर येत होती. पुढे पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले झुगरे भाऊसाहेब. मागे एका पायात चप्पल, दुसरी कुठेच नाही, धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, असे माझे दादा.

झालं होतं असं. कचेरीत पहिल्या दिवशी मी अकरा कागद भरले तेव्हा प्रत्येकावर "कायमचा पत्ता" हा रकाना होता. अकरा वेळा मी सिन्नरकडचं घर लिहिलं. बाराव्यांदा कार्ड पुढे आलं आणि हात तेच लिहून मोकळा झाला. भाऊसाहेब दुसऱ्याने लिहिलेला पत्ता कधी वाचायचे नाहीत. तो त्यांना आगाऊपणा वाटायचा. ते फक्त कोपरा बघायचे. माझ्या कोपऱ्यात अडीच तास आणि ओहळ, म्हणून माझं कार्ड सगळ्यांत आधी निघालं आणि गावच्या पोस्टमनने ते थेट दूध डेअरीत दादांना नेऊन दिलं.

दादांच्या हातात जे पडलं ते असं. वर मुलीचं अक्षर आणि मोखाड्याचा शिक्का. मागे अनोळखी अक्षर, आणि एवढंच:

अडीच तास. ओहळ.
या.

त्यांनी आईला काही सांगितलं नाही. काटा दुसऱ्याच्या हवाली केला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी एस.टी. पकडली. मोखाड्याला उतरून ते कचेरीत आले आणि प्रत्येक टेबलापुढे कार्ड धरत गेले. शेवटच्या टेबलावर भाऊसाहेबांनी ते हातात घेतलं. आधी स्वतःचं अक्षर वाचलं. मग, जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. उलटून पत्ता वाचला.

जानू शिपायाने मला नंतर सांगितलं की भाऊसाहेब उभे राहिले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "पोर बरी हाय. पोर बरी हाय, दादा. पगार मंजूर झालाय तिचा." दादा खाली बसले. खुर्ची शेजारीच होती, तरी जमिनीवर बसले. पाणी दिलं तर पेला हातात धरून ठेवला. समजावून सांगितलं, सगळं सांगितलं. दादा मान हलवत होते, पण विश्वास बसला नव्हता. शेवटी म्हणाले, "मला दाखवा."

पगाराच्या दिवसाला दोनच दिवस होते. टेबलावर कागदांचा ढीग होता. भाऊसाहेबांनी खणाची किल्ली जानूच्या हातात दिली, पँट दुमडली आणि म्हणाले, "चला."

दादा शाळेच्या दारात येऊन थांबले. मला वाटलं ते ओरडतील, किंवा रडतील. त्यांनी मला फक्त वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोतं उतरवताना फाटलेलं नाही ना बघतात तसं. मग शेवटच्या रांगेत, मुलांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. "चालू दे तुझं," म्हणाले. मी आठाचा पाढा घेतला. मुलांनीच तो अडखळत पूर्ण केला.

भाऊसाहेब आत आले नाहीत. ते खळ्याशी जाऊन काशीबायशी त्यांच्या बोलीत बोलत उभे राहिले. शाळा सुटल्यावर मी बाहेर गेले तर म्हणाले, "बाई, परवा या. आता तोंडानंच सांगतो." मग, "चूक माझी हाय."

दादा मागून आले होते. "पत्ता तिनं चुकवला."

"पत्ता तिनं चुकवला, बरोबर हाय. पण 'या' मी लिहिलं." भाऊसाहेब जमिनीकडे बघत बोलत होते. "इतकी वर्सं लिहितो. कार्ड घेऊन येणाऱ्याचं तेवढं बघितलं. वाचणारा घरात कोण असंल, त्याला काय वाटंल, ते कधी बघितलंच नाय."

उजेड होता तोवर त्यांना खोडाळा गाठायचा होता. काशीबायने दिलेली भाकर पंच्यात बांधून ते निघाले. जाताना दादांना म्हणाले, "ओहळाला डाव्या हातानं उतरा. मघाशी मी चुकीचं उतरवलं, तुमची चप्पल गेली."

दादा दोन रात्री पाड्यावर राहिले. पगार खरा आहे का, हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. परवा सकाळी आम्ही दोघं मोखाड्याला निघालो तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. खोडाळ्याला पोचल्यावर पुन्हा बघितलं. कचेरीत गर्दी होती. दोन-दोन तास चालून आलेली माणसं वऱ्हांड्यात पाय पसरून बसली होती आणि दोन दिवस काम मागे पडल्याने भाऊसाहेबांची मान वर होत नव्हती. दादा गर्दीतून वाट काढत त्यांच्या टेबलापाशी गेले आणि कार्ड समोर ठेवलं.

"अडीच तास नाही. पावणेतीन."

भाऊसाहेबांनी वर पाहिलं. "तुम्ही एका चपलेनं चालता."

"आज अनवाणी होतो. पावणेतीनच."

भाऊसाहेबांनी पेन घेतलं, अडीच खोडून पावणेतीन केलं आणि कार्ड परत दिलं. दोन पक्क्या माणसांनी एकमेकांना पारखून पाहिलं होतं. त्या दिवशी माझ्या पहिल्या पगारातली पहिली खरेदी म्हणजे बाजारात जव्हारच्या एका चाचांकडून घेतलेल्या दादांच्या चपला. एस.टी.त बसताना ते एवढंच म्हणाले, "सुट्टी संपली की वेळेवर परत ये. मुलं आठावर अडखळतात."

रजा न घेता कचेरी सोडल्याबद्दल भाऊसाहेबांना साहेबांनी लेखी जाब विचारला. त्यांच्या उत्तराची प्रत जानूने आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली होती. एकच ओळ. "चुकीच्या पत्त्यावर गेलेलं कार्ड योग्य पत्त्यावर पोचवण्यासाठी गेलो होतो."

त्यानंतर त्यांनी कार्डावर एकटं "या" कधीच लिहिलं नाही. "या. सर्व बरं आहे." असं लिहायला लागले. समोरचे गुरुजी चिडवायचे, "भाऊसाहेब, हल्ली फार लांबण लावता." ते म्हणायचे, "एक माणूस एका चपलेनं डोंगर चढला, गुरुजी. तुम्ही रस्ता वलांडायला कुरकुरता."

मी तिथे अकरा वर्षं राहिले. एक वर्ष ठरवलं होतं. दर जूनमध्ये नवी पोरं यायची, घाबरलेली, पेट्या घेतलेली. आम्ही जुने झालेलो त्यांना हसत सांगायचो, आधी पोस्टात जा. मग खोडाळ्यात फोनचे डबे आले. मग शिक्षणसेवक आले, मग खिशात मोबाइल आले. पाड्याच्या वर एका खडकावर रेंज मिळायची आणि पोरं तिथून थेट कचेरीत विचारायची. भाऊसाहेबांच्या खणातली कार्डं कमी कमी होत गेली. शेवटच्या वर्षी दोनच होती. ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही शाल-नारळ दिला. ते भाषणात म्हणाले, "मला बोलायची सवय नाय, लिहायची हाय. तीपण दोन-चार शब्दांची." आणि खाली बसले.

पुढच्याच वर्षी माझी बदली नाशिक जिल्ह्यात झाली. दादांना दम्याने धरलं होतं, मीच मागून घेतली होती. मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. मी एस.टी.त खिडकीशी बसले होते आणि कुणीतरी पत्र्यावर छत्रीची मूठ वाजवली. भाऊसाहेब. पँट दुमडलेली, आता घड्या सोडायला कचेरी नव्हती. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढून आत दिलं. कोरं, फक्त पत्ता लिहिलेला.

"तिकडं पहिला पगार कधी होतो ते कळवा, बाई. बदलीतपण कागद फिरतात. माझ्या हिशेबात बसतं का बघू."

"तिकडं नागली नाही, भाऊसाहेब. ऊस आहे."

"उसाचं मला कळत नाय," ते म्हणाले. मग, "दादांना इचारलं म्हणून सांगा. पावणेतीनवाल्यांना."

पत्ता वाचला. श्री. पांडू लक्ष्मण झुगरे. अकरा वर्षांत मला त्यांचं पहिलं नाव माहीत नव्हतं.

नव्या जागी पगार झाला तो दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. त्या दिवशी माझ्या यादीत पहिलं काम होतं, भाऊसाहेबांना कार्ड. मला दोन शब्द लिहायचे नव्हते, बरंच लिहायचं होतं. डायरीत तीन वेळा लिहून पाहिलं, कार्डावर मावेना. म्हणून ते काम पुढच्या आठवड्याच्या यादीत गेलं. मग त्याच्या पुढच्या. माझ्या यादीतलं काम सहसा दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहत नाही. हे राहिलं. पुढच्या पावसाळ्यात जानूचा फोन आला, की भाऊसाहेब आवणी करून घरी आले, पाय धुतले, ओटीवर बसले आणि गेले.

ते कार्ड माझ्याकडे आहे. दादांचंही आहे. दादा ते डेअरीतल्या आरशात खोचून ठेवायचे. एकाच पाकिटात दोन्ही ठेवली आहेत. एकावर माझं अक्षर आणि त्यांचं. दुसऱ्यावर फक्त त्यांचं. मागची बाजू माझी होती.

त्या मुलीला मी शेवटी म्हटलं, "साधारण दोन-अडीच महिने. घरी तसं सांग. आणि सर्व बरं आहे, हेही सांग." तिने विचित्र नजरेने पाहिलं, पण मोबाइलवर ते लिहिलं. लिहिलं हे मी बघितलं.

भाऊसाहेबांचं शेवटचं दिसणं त्या बाजाराच्या दिवसाचंच. एस.टी. सुरू झाली, मागे घेत होती. मी मान बाहेर काढून बघत होते. ते मला हात करत नव्हते. त्यांचं लक्ष पलीकडे थांबलेल्या जिपेकडे गेलं होतं. तिच्यातून एक नवा तरुण उतरला होता, पेटी, वळकटी आणि हातात घडी पडलेला लांब लिफाफा. तो इकडेतिकडे बघत होता. भाऊसाहेब त्याच्याजवळ गेले. तो काहीतरी विचारत होता, बहुतेक कचेरी कुठे. भाऊसाहेबांनी छत्री उचलली आणि कचेरीच्या उलट दिशेला, पोस्टाकडे दाखवली.

त्यांचा खण तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाला होता. कार्ड घेऊन तो पोरगा कुणाला देणार होता, कोण जाणे. पण त्याने पेटी उचलली आणि दोघं चालू लागले. एस.टी. वळली. बाजाराच्या गलक्यात काही ऐकू येत नव्हतं, तरी भाऊसाहेबांनी मान जराशी त्याच्याकडे कलती केली तेव्हा मला कळलं की ते त्याला विचारतायत, चालत किती.